विद्यार्थी आणि पैशाचा डाव

(मंडळाच्या पाली येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय त्यांच्या मनात होता. निवृत्त शिक्षकाने दुसरे काय बोलावे, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु शिक्षणाचे महत्त्व न पटलेले घर आपल्या ज्ञातीत आता क्वचितच सापडेल. मुले पनवेल, ठाणे, मुंबई येथील महाविद्यालयांत जातात, मुलीही जातात. तेथे गेल्यावर त्यांच्या हाती काय पडते, याचा विचार मात्र आपण पुरेसा केलेला नाही. म्हणून आज आम्ही पैशाने खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांविषयी बोलणार आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच झाले असून सारा जन्म प्राथमिक शाळेतील मुलांस अंकगणित शिकविण्यात गेला. तेव्हा या विषयातील तत्त्वज्ञान आम्हांस सांगता येणार नाही. हिशेब तेवढा सांगता येईल.

हा हिशेब आमच्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या अनुमतीने आम्ही तो येथे मांडीत आहोत. नाव सांगणार नाही, आणि ते का सांगणार नाही याचे कारण भाषणाच्या शेवटी येईल.

हा मुलगा चौथीत आमच्या वर्गात होता. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा दुसरा मुलगा आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे गणपतीत जागरणे होतात आणि जागरणात भजनाच्या जोडीने पत्तेही बसतात, हे आपणांस सांगावयास नको. एका वर्षी त्यांच्या घरच्या गणपतीस आम्ही गेलो होतो. मोठ्या मंडळींचा रुपया-आठ आण्यांचा तीन पत्तीचा डाव चालला होता. कोणीतरी गमतीने त्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पाने दिली. त्याने चार रुपये जिंकले. सर्वांनी वाहवा केली. “गुरुजी, तुमचा शिष्य हुशार निघाला,” असे कोणी म्हणाले, आणि आम्ही त्याची पाठ थोपटली. ज्ञातिबंधूहो, ही गोष्ट आम्ही विसरून गेलो होतो. ती आम्हांस त्या मुलानेच पुढे अनेक वर्षांनी आठवून दिली, आणि तीही दोष देण्यासाठी नव्हे, तर “पहिले पैसे मी तेव्हा जिंकलो” एवढेच सांगण्यासाठी.

बारावीनंतर तो वाणिज्य शाखेत शिकण्यासाठी शहरात गेला. वडील भातशेती सांभाळून एका दुकानात हिशेब लिहितात. २०२३ च्या जून महिन्यात आपल्या मंडळाने विद्यार्थी साहाय्य निधीतून त्यास ३०,००० रुपयांची परतफेडीची शिष्यवृत्ती दिली. त्या वेळी निवड समितीवर आम्हीही होतो. राहत्या खोलीत चार मुले होती. त्यांच्यापैकी दोघे मोबाइलवर पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत असत. त्यात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकलेली मिळतात आणि पाच पाने मेजावर सर्वांसाठी उघडली जातात. या सातांतून उत्तम पाच पाने ज्याची, तो जिंकतो. पाने उघडता उघडता बोली वाढत जाते. वाईट पाने असताना मोठी बोली लावून दुसऱ्यास पळवून लावता येते, म्हणजेच हूल देता येते. जो हे ओळखतो तो टिकतो.

अशा खेळात आमचा विद्यार्थी रमला नसता तरच आश्चर्य. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतील एक्क्यांच्या जोड्या अवघ्या सहा, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा त्या हाती येतात. हे सारे त्याने आम्हांस बोटे न मोडता सांगितले. ऑगस्टमध्ये त्याने ५०० रुपये भरून खेळ सुरू केला आणि पहिल्या आठवड्यात त्याचे २,९०० रुपये झाले. त्या पैशातून त्याने आईसाठी साडी घेतली व घरी येऊन शिकवणीचे पैसे मिळाले असे सांगितले. पहिल्याच आठवड्यात तो हरला असता, तर आजचे हे भाषण करण्याची वेळ आली नसती, असे आम्हांस वाटते.

आता, पोकर हा जुगार की कौशल्याचा खेळ, असा वाद पुष्कळ वर्षे चालला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. तो खटला बक्षिसांच्या शब्दकोड्यांविषयी होता. ती कोडी भरण्याचा नाद आपल्या वाडवडिलांच्या पिढीत किती घरांस लागला होता, हे वृद्धांस आठवत असेल. त्या निर्णयात न्यायमूर्तींनी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारताचाही हवाला दिला होता. पुढे १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. पोकरविषयी मात्र उच्च न्यायालयांत एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्यास जुगारच ठरविले. खेळ चालविणाऱ्या कंपन्या ‘कौशल्य’ हा एकच शब्द धरून जाहिराती करीत राहिल्या, आणि हुशार मुलास हा शब्द जितका गोड लागतो तितका दुसऱ्या कोणास लागत नाही. “गुरुजी, हा जुगार नव्हे, यात डोके लागते,” असे तो आम्हांस म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. डोके लागते, हे आम्ही मान्य करतो. परंतु प्रश्न तेथे संपत नाही.

वनपर्वातील नलोपाख्यान आपणांस ठाऊक आहे. द्यूतात सर्वस्व गमावून वनात आलेल्या धर्मराजास बृहदश्व ऋषींनी ते सांगितले. नलराजा पुष्कराशी फासे खेळून राज्य हरला, वनोवन हिंडला, आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. बेहड्याच्या झाडाची पाने व फळे एका दृष्टिक्षेपात मोजणाऱ्या त्या ऋतुपर्णाकडून तो अक्षविद्या शिकला, आणि पुन्हा खेळून त्याने राज्य परत मिळविले. आमच्या विद्यार्थ्यास ही कथा आम्हीच वर्गात सांगितली होती. त्यानेही अक्षविद्या शिकून गेलेले परत मिळविण्याचा निश्चय केला. परंतु कथेतील दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या नाहीत, आणि खरे बोलावयाचे तर सांगताना आमच्याही आल्या नव्हत्या. एक, नलराजाने ती विद्या मिळाल्यावर एकदाच डाव मांडला, आणि राज्य मिळताच तो उठला. दुसरी, नल आणि पुष्कर यांच्या डावात मध्ये बसून नाल घेणारा कोणी नव्हता.

नाल म्हणजे अड्डा चालविणारा प्रत्येक डावातून काढून घेतो तो हिस्सा. हा शब्द जुना आहे. मोबाइलवर त्याचे नाव बदलले, काम बदलले नाही. आता आमच्या सवयीप्रमाणे एक शाब्दिक उदाहरण घालतो. सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले, असे समजा. प्रत्येक डावात सरासरी २०० रुपये मध्ये जमतात आणि चालक त्यातून शेकडा ५ प्रमाणे नाल काढतो, म्हणजे दर डावास १० रुपये. तासाला ६० डाव झाले, तर नाल होते ६०० रुपये. सहा जण सारखेच कुशल आहेत, कोणीही लबाडी करीत नाही, तर दहा तासांनी काय होईल? मेजावरचे सहाच्या सहा हजार रुपये चालकाच्या पेटीत गेलेले असतील आणि सहाही कुशल खेळाडू रिकाम्या हातांनी उठतील. म्हणून तेथे केवळ इतरांहून चांगले खेळून भागत नाही. नाल भरून वर काही उरेल इतके चांगले खेळावे लागते. त्यातच एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकीवर शेकडा ३० प्राप्तिकर कापला जाऊ लागला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर लागू झाला. हा कर कधी चालकाने सोसला असेल, कधी खेळाडूने. परंतु तो शेवटी कोणाच्या खिशातून येणार होता, हे सांगण्यास मॅट्रिकचीही गरज नाही.

संभवनीयतेचे हे गणित १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून पुढे आले, आणि त्यास निमित्त एका जुगारी सरदाराने विचारलेले प्रश्नच झाले होते. आज त्याच गणितावर विम्याचा व्यवसाय उभा आहे. विमा कंपनी आपल्या लाखो ग्राहकांचा एकत्र हिशेब करते, म्हणून तिला ते गणित तारते. खेळणाऱ्या मुलाजवळ मात्र एकच रात्र असते आणि एकच खिसा असतो.

त्याच्या खिशाचे काय झाले ते आता सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यातील एका रात्री त्याच्या हाती एक्क्यांची जोडी आली. समोरच्याजवळ राजांची जोडी होती. अशा वेळी एक्के पाचांपैकी सुमारे चार वेळा जिंकतात. त्याने खात्यात होते ते ११,००० रुपये पुढे सरकविले. मेजावर तिसरा राजा पडला. त्या ११,००० रुपयांत आपल्या शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता होता. “गुरुजी,” तो आम्हांस म्हणाला, “एक्के हरले यात माझी चूक नव्हती. पाचवी वेळ कधीतरी येणारच. चूक ही, की मी त्यानंतर उठलो नाही.” पहाटेपर्यंत त्याने खोलीतील मित्राकडून घेतलेले ४,००० रुपयेही घालविले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरूनच एका सावकारी ॲपचे कर्ज काढले. पुढे तो आनंदासाठी खेळत नव्हता, लोभासाठीही नव्हता. झालेली गोष्ट घरी आणि मंडळात कळू नये म्हणून, गेलेले भरून काढण्यासाठी खेळत होता. त्या वर्षीच्या परीक्षेत तो दोन विषयांत बसलाच नाही.

२०२४ च्या दिवाळीत तो आमच्या घरी आला. फराळाचे ताट समोर होते, त्यास त्याने हात लावला नाही. बऱ्याच वेळाने त्याने सांगावयास आरंभ केला. किती गेले, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पंचवीस हजारांच्या आसपास असतील.” तो खोटे बोलत नव्हता, त्यास खरोखरच तसे वाटत होते. आम्ही त्यास खात्याच्या नोंदी काढावयास लावल्या आणि आडव्या रेघांचा कागद घेऊन बसलो. दोन संध्याकाळी लागल्या. डाव्या बाजूस भरलेली रक्कम, उजव्या बाजूस काढलेली. दोनशे, पाचशे, पुन्हा दोनशे, मध्यरात्री हजार. जिंकलेला प्रत्येक मोठा डाव त्यास तारखेसह पाठ होता. भरलेल्या दोनशे-दोनशेंची मात्र एकही आठवण नव्हती. चौदा महिन्यांची बेरीज अशी झाली: भरले १,६३,५०० रुपये, काढले ७७,१०० रुपये, तूट ८६,४०० रुपये. तोंडी हिशेबात पहिला येणारा तो मुलगा त्या आकड्याकडे पाहत राहिला. त्याने या चौदा महिन्यांत इतरांच्या हजारो जोड्यांचा हिशेब केला होता, आपला एकदाही केला नव्हता.

आम्ही त्यास म्हटले, “ही गोष्ट तुझ्या तोंडूनच वडिलांच्या कानी गेली पाहिजे. आम्ही बरोबर येतो.” आम्ही गेलो. त्याने कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजूंची बेरीज वरून खाली केली, पुन्हा खालून वर केली, आणि म्हणाले, “बेरीज बरोबर आहे.” दुसरे काही ते त्या रात्री बोलले नाहीत. त्या माणसाविषयी आम्हांस तेव्हा जो आदर वाटला, तो शब्दांनी सांगता येत नाही.

पुढे २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाचे असे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालविण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि त्यांसाठी पैशांची देवघेव करून देण्यास त्या कायद्याने बंदी केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार ठरविले नाही. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. कायदा आला हे चांगलेच झाले. तथापि दुकान बंद झाल्याने सवय सुटते असे नाही. परदेशातून चालणारे अड्डे आहेत, खोलीत चौघे बसून खेळलेले डाव आहेत, आणि गणपतीचे जागरण आहे. येथे एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो. जुगारात जिंकलेल्या पैशासाठी कोणी मुलास धमकावीत असेल, तर न्यायालयात त्याचा दावा टिकत नाही. ॲपचे कर्ज ही गोष्ट निराळी. ते कर्जच असते. म्हणून असे काही झाल्यास मुलांनी वडीलधाऱ्यांकडे यावे.

आणि येथेच आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. शिष्यवृत्तीची परतफेड थकविणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे स्मरणिकेत छापावीत, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आला आहे. ठराव मांडणाऱ्या बंधूंचा हेतू चांगला आहे, निधी गोरगरिबांच्या वर्गणीचा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही आमचा त्यास विरोध आहे.

आपण ज्या क्षेत्री जमलो आहोत, तेथील कथा लहान मुलासही ठाऊक आहे. कल्याण शेठजींचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात जाई, दगडाचा गणपती मांडून त्याची पूजा करी. मुले वेळेवर घरी येत नाहीत, अशी गावकऱ्यांनी तक्रार केली. शेठजी संतापले, रानात गेले, पूजा मोडली, देव फेकून दिला आणि मुलास मारून झाडाशी बांधले. मुलगा काय करीत होता, हे त्यांनी विचारले नाही. लोक काय म्हणतात, एवढेच ऐकले. बल्लाळ भक्तीत रमला होता आणि आमचा विद्यार्थी व्यसनात. त्या दोघांची तुलना करण्याचे पाप आम्ही करीत नाही. आम्ही तुलना करतो ती दोन बापांची. एकाने चारचौघांत झाडाशी बांधले. दुसऱ्याने चष्मा लावून बेरीज तपासली. बल्लाळास सोडविण्यास गजानन धावून आला. आमच्या विद्यार्थ्यास सोडविण्याचे काम तुम्हां-आम्हांस करावयाचे आहे.

नाव छापले जाईल या भीतीनेच तो चौदा महिन्यांतील शेवटचे आठ महिने खेळत राहिला. पहिल्या ११,००० रुपयांच्या वेळी तो आला असता, तर ते तेवढ्यावर थांबले असते. आपण नावे छापू लागलो, तर थकबाकी कदाचित दोन-चार हजारांनी कमी होईल. परंतु पुढचा मुलगा आपल्याकडे येणार नाही. या मुलाने खोपोलीकडे नोकरी धरली असून तो दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे निधीत भरणा करीत आहे. आजवर १२ हप्ते, म्हणजे १८,००० रुपये जमा झाले. १२,००० राहिले आहेत. राहिलेले दोन विषयही तो सोडवीत आहे.

म्हणून आमच्या नम्र सूचना अशा आहेत. नावे छापण्याचा ठराव मागे घ्यावा. शिष्यवृत्तीचा फीपुरता भाग यापुढे परस्पर महाविद्यालयात भरावा. विद्यार्थ्यांनी निःसंकोचपणे बोलावे असा एक सभासद नेमावा, आणि तो आकडा ऐकून ओरडणारा नसावा. मन फारच बेचैन असेल तर सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तीही मुलांस सांगावी. प्रत्येक घरी महिन्यातून एकदा मुलाबरोबर बसून जमाखर्च लिहावा. आधी आपला, मग त्याचा.

आणि शेवटची सूचना मोठ्यांसाठी. काल रात्री याच वास्तूच्या माडीवर आपल्यापैकी काही मंडळींचा डाव बसला होता. नाणी होती, नोटाही होत्या. जिन्यात दोन लहान मुले उभी राहून पाहत होती. आम्हांस खाली बोलावण्यात आले नसते, तर कदाचित आम्हीही बसलो असतो. आम्ही पत्ते खेळत नाही, असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या मुलाची पाठ आम्ही एकदा थोपटली आहे. यापुढे संमेलनात आणि गणपतीच्या जागरणात पाने खुशाल वाटावीत, पैसे मात्र ठेवू नयेत. आम्ही स्वतः त्या चार रुपयांपासून आरंभ करतो: यापुढे पैशाच्या डावास बसणार नाही, असे बल्लाळेश्वराच्या गावी आपणां सर्वांच्या साक्षीने सांगतो.